माहेरच्या गावात बाहेरचं जेवण

लॉजच्या रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' असा एक रकाना असतो. जुन्या नाशकातल्या एका साध्या लॉजच्या काउंटरवर उभी राहून मी त्या रकान्याशी अडले. वरच्या ओळींत कुणी 'देवदर्शन' लिहिलं होतं, कुणी 'लग्न', दोघातिघांनी 'खासगी काम'. मी 'रंगपंचमी' लिहिलं. आधार कार्ड परत देताना काउंटरवरच्या मुलाने पत्ता वाचला आणि आपुलकीने म्हणाला, "पुण्याहून रहाड बघायला आलात का ताई? सकाळी घाई करू नका. रहाडी दुपारनंतरच सुरू होतात."

रंग खेळायच्या त्या जुन्या हौदांच्या वेळा मला ठाऊक होत्या. ज्या बोळात माझं लहानपण गेलं तो बोळ त्या लॉजपासून चालत पाच मिनिटांवर आहे. पण मी त्याला काही बोलले नाही. किल्ली घेतली आणि लेकीच्या मागोमाग जिना चढले.

तो दिवस २९ मार्च २०२४, शुक्रवार. गुड फ्रायडेची सुट्टी, शनिवारी रंगपंचमी आणि त्याला जोडून रविवार. लेकीने महिनाभर आधीच ठरवून टाकलं होतं, "आई, या वर्षी नाशिकला जायचंच." आम्ही दोघीच निघालो. पुण्याहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आतला हा रस्ता मी शेकडो वेळा केला आहे. चंदनापुरीचा घाट उतरला, संगमनेर मागे पडलं, सिन्नर आलं की माझ्या पोटात भूक जागी व्हायची, कारण आई जेवायची थांबलेली असायची. रात्रीचे अकरा वाजोत, बारा वाजोत, ताट वाढूनच मग बाकीच्या गप्पा. या वेळी सिन्नर गेलं, नाशिकरोड गेलं, द्वारकेच्या चौकात बस अडकली आणि लेक फोनमध्ये बघत म्हणाली, "रात्री जेवायचं कुठे?"

बावन्न वर्षांत हा प्रश्न मला नाशकात कधीच पडला नव्हता.

आमचा वाडा जुन्या नाशकातल्या तिवंधा चौकाजवळ होता. २०१९ साली तो पाडायला दिला, आता तिथे चार मजली इमारत आहे आणि खाली मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. आई माझ्या भावाकडे बंगळुरूला असते. ऐंशी वर्षांची आहे, तब्येत बरी आहे, पण एवढा प्रवास आता झेपत नाही. म्हणजे तक्रार करावी असं काही घडलेलं नाही. सगळं रीतसर, सगळ्यांच्या संमतीने झालं. फक्त गाव तिथेच राहिलं आणि त्या गावात पानावर बसवणारं कुणी राहिलं नाही.

शुक्रवारी रात्री लॉजच्या शेजारीच एक थाळी खाल्ली. पोट भरलं. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

लेकीची यादी फोनमध्ये होती, माझी डोक्यात. तिच्या यादीत चांदण्या होत्या, फोटो होते, लोकांनी लिहिलेले अभिप्राय होते. माझ्या यादीत वास होते. भगवंतरावांच्या हॉटेलावरून जाताना येणारा मिठाईचा आणि तळणाचा मिसळलेला वास. कोंडाजीच्या चिवड्याचा पुडा उघडला की येणारा तळलेल्या कांद्या-लसणाचा. एकादशीला वडील संध्याकाळी सायंताराचे साबुदाणा वडे घेऊन यायचे, त्या तेलाने पारदर्शक झालेल्या कागदाचा. यातलं बहुतेक सगळं मी घरी बसून खाल्लेलं आहे. बाहेरचं खाणं म्हणजे आमच्याकडे बाहेरून आणलेलं खाणं. हॉटेलात जाऊन बसायचं ते पुरुषांनी.

आज हे लेकीला सांगताना तिला खरं वाटत नाही. पण त्या काळी बऱ्याच हॉटेलांत मागच्या बाजूला 'फॅमिली रूम' असायची. लाकडी पार्टिशन, वर पंखा, दाराला पडदा. बायकामुलांनी यायचं तर तिथे बसायचं. पुढच्या बाकांवर बाप्ये पेपर वाचत मिसळ खात असायचे आणि आपण त्यांच्यामधून मान खाली घालून मागे जायचं. आईला ते नको वाटायचं. ती म्हणायची, "पडद्याआड बसून खायला मी काय चोरी केलीये?" त्यामुळे ती गेलीच नाही. रविवारी वडील पितळी किटली घेऊन पंचवटीत जायचे आणि मिसळीचा रस्सा घेऊन यायचे. मटकीची उसळ आईने घरी करून ठेवलेली असायची, पाव कोपऱ्यावरच्या बेकरीतले. किटलीतला रस्सा पातेल्यात ओतला की आई चमचाभर तळहातावर घेऊन चाटायची आणि तिचा निकाल यायचा. "आज खोबरं नीट भाजलंय." किंवा, "कांदा कच्चा राहिलाय, घाईत केलाय त्यांनी." ज्या हॉटेलात तिने पाऊल ठेवलं नव्हतं त्याच्या स्वयंपाकघरात आज काय बिघडलं ते तिला आमच्या ओट्याशी उभं राहून कळायचं.

१९८६ साली भावाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा वडील हट्टाने आम्हा सगळ्यांना त्या हॉटेलात घेऊन गेले. आई तेव्हा बेचाळीस वर्षांची. फॅमिली रूममध्ये न जाता ती पुढच्या बाकावर बसली. मला तिची तेव्हाची निळी इरकल आठवते. शेजारच्या माणसाने पेपरमधून वर बघितलं, तिनेही त्याच्याकडे बघितलं, आणि त्याने पेपर घडी करून तिला जागा करून दिली.

शनिवारी सकाळी लेकीला घेऊन मी आधी त्याच हॉटेलात गेले. मिसळीच्या बाबतीत नाशकात कुणाचं नाव घ्यायचं यावरून घराघरांत वाद आहेत. अंबिका म्हणणारे वेगळे, श्यामसुंदरसाठी सातपूरपर्यंत जाणारे वेगळे, विहारवाले वेगळे, तुषारवाले वेगळे. आमच्या घराचं एक हॉटेल ठरलेलं होतं, बस. पार्टिशन आता गेलेलं आहे. फरशी नवी आहे. पुढच्या बाकांवर निम्म्याहून जास्त बायका होत्या. एका टेबलावर पाच-सहा जणी बसल्या होत्या, बहुधा भिशीच्या मैत्रिणी. त्यांतली सर्वांत वयस्कर बाई पंच्याहत्तरीची तरी असेल. पदर खोचून रस्सा ओरपत होती आणि वाढप्याला हाताने खूण करून आणखी मागत होती. मी तिच्याकडे बघतच राहिले.

नाशिकच्या मिसळीचं ताट टेबलावर येतं तेव्हा ते अर्धवट असतं, आणि हीच मला तिची सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. खोलगट ताटलीत मोडाची कडधान्यं, कुठे मटकी, कुठे मूग, वर शेव आणि फरसाण. वाटीत रस्सा वेगळा. कांदा, लिंबू, कोथिंबीर वेगळी. दह्याची छोटी वाटी, भाजलेला किंवा तळलेला पापड आणि दोन लुसलुशीत पाव. जुळवाजुळव ज्याची त्याने करायची. माझे वडील आधी कोरडी शेव दोन चिमट्या खायचे, मग निम्माच रस्सा ओतायचे, कारण सगळा ओतला तर शेवेचा लगदा होतो. लेकीने सगळा एकदम ओतला. मी काही म्हटलं नाही. दुसऱ्या वाटीच्या वेळी तिने आपणहून थोडा थोडा घेतला.

पुण्यात मला मिसळीसोबत स्लाइस ब्रेड मिळतो आणि ताटलीत तळाशी पोहे सापडतात. कोल्हापूरचा कट लालभडक आणि पातळ. इथला रस्सा काळपट असतो. कांदा आणि सुकं खोबरं पार काळं होण्याच्या एक पायरी आधीपर्यंत भाजतात, त्यावर काळा मसाला. ही एक पायरीच सगळं ठरवते. तिच्या पुढे गेलं की कडू, अलीकडे राहिलं की गोडसर. पहिल्या घोटाला तिखट लागत नाही, खमंग लागतं. तिखट मागून येतं, घशाशी, आणि मग नाकातून पाणी यायला लागतं. मी चमचाभर रस्सा तळहातावर घेतला आणि चाटला. लेक हसली नाही. तिने पण आपल्या तळहातावर घेतला आणि विचारलं, "आजी काय बघायची यात?" मी म्हटलं, "खोबरं." तिने पुन्हा चाटून बघितलं.

आमच्या बाकावर समोर एक गृहस्थ होते, निफाडकडचे. टोपी बाजूला काढून ठेवलेली. वाढप्याने कांद्याची ताटली भरून आणली तशी त्यांनी ती आमच्याकडे सरकवली. "घ्या ताई, कांदा भरपूर खा. आमच्याकडे त्याला भाव राहिला नाही, तुमच्या ताटात तरी मान असू द्या." डिसेंबरात निर्यातबंदी लागली ती ३१ मार्चला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी उठायची होती. आठवड्यापूर्वी सरकारने ती पुढे वाढवली. त्यांचा उन्हाळ कांदा शेतात निघायला आलेला, आणि लासलगावला नेऊन हातात काय पडेल याचा हिशेब त्यांनी त्या बाकावर बसून मला दोन वाक्यांत सांगितला. भाड्याचे आणि मजुरीचे आकडे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही. मला मात्र घास गिळता येईना. ज्या जिल्ह्याचा कांदा देशभर आणि देशाबाहेर जातो, तिथला माणूस आपल्याच गावच्या हॉटेलात कांद्याची ताटली परक्या बाईकडे सरकवतो, आणि त्यात त्याची अगत्याची रीत तर सुटत नाही. मी त्यांच्या हातून कांदा घेतला आणि सगळा संपवला. आमचे पैसेही ते देऊ करत होते. ते मात्र मी होऊ दिलं नाही.

दुपारी तिवंध्यात गेलो.

ज्यांनी रहाड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. नाशकात परंपरेने धुळवडीला रंग खेळत नाहीत. धुळवडीला वीरांची मिरवणूक निघते. रंग पंचमीला, आणि तोही रहाडीत. रहाड म्हणजे चौकाच्या पोटातला पेशवेकालीन दगडी हौद. वर्षभर तो बुजवलेला असतो, त्याच्यावरून रिक्षा जातात, हातगाड्या उभ्या राहतात, नव्या माणसाला पत्ताही नसतो की आपण कशावर उभे आहोत. सणाच्या आधी तो उकरून साफ करतात, पूजा करतात, फुलांचे रंग मोठाल्या कढयांमध्ये उकळून त्यात ओततात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याचा पिवळा, शनि चौकाचा गुलाबी, दिल्ली दरवाज्याचा केशरी. मान ज्या घराण्यांचा आहे त्यांची पूजा झाली की मग धप्पे सुरू होतात. धप्पा म्हणजे काठावरून अंग झोकून अशी उडी मारायची की पाणी भिंतींपर्यंत उडालं पाहिजे. लहानपणी आम्ही मुली माडीवरून बघायचो. आई कठड्याशी उभी राहून कोण किती उंच पाणी उडवतो ते मोजायची.

ती माडी आता नाही. आम्ही गर्दीत उभ्या राहिलो. एक धिप्पाड तरुण काठावर आला, त्याने मारुतीचं नाव घेतलं आणि तो खाली गेला तशी पिवळ्या पाण्याची एक अख्खी चादर आमच्या अंगावर आली. ते पाणी कोमट असतं, त्याला फुलांचा आणि शिजवलेल्या सालींसारखा वास असतो. लेक ओरडली, मग ओरडायची थांबली आणि दोन्ही हातांनी चेहऱ्यावरचं पाणी पुसून पुन्हा पुढे गेली. तासाभरात आम्ही दोघी केसांच्या मुळांपासून टाचांपर्यंत पिवळ्या झालो होतो.

आणि भूक लागली. अशी भूक मला वर्षानुवर्षं लागलेली नव्हती. उन्हात भिजून, गर्दीत ढकलली जाऊन, ढोलांनी छाती हादरून झाल्यावर लागते तशी. जुन्या नाशकात अशा वेळी जिलेबी खायची असते. बुधा हलवाईची जिलेबी ही या भागाची जुनी ओळख, आणि सणाच्या दिवशी जिलेबीच्या कढईसमोर उभं राहणं हा सणाचाच भाग.

कढईशी बसलेला माणूस एका फडक्यात आंबलेलं पीठ घेऊन बसलेला असतो. फडक्याला मधोमध एक भोक. मूठ आवळली की बारीक धार पडते, मनगट तीनदा फिरतं, आणि शेवटची वेटोळी आधीच्या दोघींना आडवी जाऊन त्यांना बांधून टाकते. ती शेवटची आडवी रेघ नसेल तर जिलेबी पाकात सुटून जाते. एका घाण्यात वीस-पंचवीस जिलेब्या तो श्वास न घेता सोडत होता. वर आल्या की सळईने उलटायच्या, रंग चढला की झाऱ्याने उचलून पाकात. पाकात फार वेळ ठेवायच्या नाहीत. बाहेरचा कुरकुरीतपणा टिकला पाहिजे आणि आतल्या नळीत पाक भरला पाहिजे, दोन्ही एकाच वेळी. आमच्या हातात कागदावर पाव किलो जिलेबी आली ती इतकी गरम होती की कागद एका हातातून दुसऱ्या हातात करावा लागला.

माझी बोटं पिवळी, जिलेबी केशरी. पहिली जिलेबी उचलली तिच्यावर माझ्या बोटांचे ठसे उमटले. रंग फुलांचा, बोट जरी तोंडात गेलं तरी मी घाबरले नाही. लेकीने तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि पाक तिच्या हनुवटीवरून ओघळून गळ्यावरच्या पिवळ्या रंगात मिसळला. शेजारी एक आजोबा आपल्या नातवाला खांद्यावर घेऊन भरवत होते. पोरगं प्रत्येक घासानंतर आजोबांच्या टोपीला हात पुसत होतं आणि आजोबा त्याला पुसू देत होते.

संध्याकाळी जे झालं तेही सांगायला हवं.

लॉजवर येऊन आंघोळी केल्या. दही लावलं, बेसन लावलं, साबणाची अर्धी वडी संपवली. रहाडीचा रंग असा निघत नाही. नखांच्या कडा, कानांच्या पाळ्या, केसांची मुळं पिवळीच राहिली, आणि लेकीची मान तर हळद लागल्यासारखी. तिच्या फोनमधल्या यादीत शहराच्या नव्या भागातलं एक मोठं रेस्टॉरंट होतं. आम्ही स्वच्छ कपडे घालून रिक्षाने तिथे गेलो. दारात कोट घातलेला एक तरुण होता. त्याने लेकीच्या मानेकडे बघितलं, आतल्या पांढऱ्या खुर्च्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "सॉरी मॅडम, आज रंग लागलेल्या गेस्टना आत बसवत नाही आहोत. पार्सल देऊ शकतो."

मला राग आला तो अजून उतरलेला नाही. खुर्च्यांची काळजी मी समजू शकते, कुणाचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. पण रंगपंचमीच्या रात्री, नाशकात, रंग लागलेल्या माणसाला जेवायला बसू न देणं याला माझ्याकडे साधा शब्द आहे. अगत्य नसणं. ज्या गावात दुकान मांडायचं त्या गावाचा सण आपला मानायचा असतो. त्या दिवशी खुर्च्यांवर चादरी टाका, पाट मांडा, अंगणात सतरंज्या घाला. नाही जमलं तर दुकान बंद ठेवा आणि तुम्हीही रहाडीवर या. मी त्या मुलाला एवढंच म्हटलं, "बाळा, तू इथला आहेस का?" तो म्हणाला, "हो, सिडकोचा." त्याच्या उजव्या कानामागे गुलाबी रंगाची पुसट रेघ होती. त्याने ती घासून घासून काढलेली दिसत होती. मग मला त्याच्यावर रागावता येईना, राग सगळा त्याला तिथे उभं करणाऱ्यांवर राहिला.

आम्ही परत जुन्या गावात आलो. एका बोळाच्या तोंडाशी छोटी गाडी होती, मागे दोन बाकं. गाडीवाल्याने आम्हाला बघितलं आणि न विचारता आदल्या दिवशीचा पेपर बाकावर पसरला. "बसा मावशी. पेपर रंगासाठी नाही, बाक तेलकट आहे म्हणून." त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुलाबी होते. त्या गुलाबी हातांनी तो उलटा वडापाव करत होता. नाशकात हा खास मिळतो. पाव मधोमध चिरून त्यात चटणी आणि बटाट्याची भाजी भरायची, मग अख्खा पावच बेसनात बुडवून तळायचा. वरून कुरकुरीत, आतला पाव वाफेने ओलसर मऊ, आणि मध्ये लसूण. लेकीने दोन खाल्ले. मी एक खाल्ला आणि दुसरा अर्धा तिच्यातला घेतला. पैसे देताना मी त्याला म्हटलं, "गुलाबी म्हणजे शनि चौक का रे?" तो इतका खूश झाला की त्याने सुट्टे परत देताना पाच रुपये जास्तच दिले. मी ते परत केले, त्याने त्याच्या बदल्यात दोन मिरच्या तळून दिल्या.

रविवारी सकाळी लेकीच्या आग्रहाखातर गावाबाहेर चुलीवरच्या मिसळीला गेलो. मळ्यातलं हॉटेल, झाडाखाली टेबलं, पोरांसाठी झोके, गाड्यांची रांग. रस्सा चांगला होता. धुराचा वास हवासा वाटला. अर्धं नाशिक रविवारी सकाळी सहकुटुंब अशा ठिकाणी असतं आणि ते बघायला मला आवडलं. आज्या, नातसुना, तान्ही मुलं, सगळे एका टेबलाभोवती. येताना रस्त्याकडेच्या ढिगातून द्राक्षं घेतली, हंगाम संपत आल्याने फार गोड झाली होती.

बस चारची होती. दुपारच्या जेवणाला मी लेकीची यादी बाजूला ठेवायला सांगितली. आदल्या दिवशी येताजाता मी एक पाटी वाचून ठेवली होती. 'खान्देशी खानावळ. दर रविवारी वरण-बट्टी.'

आई चाळीसगावकडची. लग्न होऊन नाशकात आली तेव्हा सासरी बट्टी कुणाला माहीत नव्हती. रंगपंचमीला सगळे खेळून, भिजून, उपाशी घरी यायचे तेव्हा तिने ती पहिल्यांदा केली आणि मग तोच आमच्या घरचा रंगपंचमीचा बेत झाला. होळीला पुरणपोळी, पंचमीला वरण-बट्टी. गव्हाचं जाडसर पीठ, त्यात थोडं मक्याचं, ओवा, जिरं, हळद, तेलाचं मोहन. घट्ट मळून उंडे करायचे, वाफवायचे, गार झाले की कापून तळायचे. सोबत तुरीचं वरण, वांग्याची भाजी आणि तूप. वाडा गेल्यापासून मी ती खाल्लेली नव्हती. पुण्यात मी एकदा करून बघितली, पण उंडे आतून कच्चे राहिले. पुन्हा हात लावला नाही.

खानावळ म्हणजे एका घराचा पुढचा हॉल. सहा टेबलं. आत ओट्याशी एक बाई, बाहेर वाढायला त्यांचा मुलगा. ताट आलं. बट्टीचे चार तुकडे, वरणाची वाटी, वांग्याची मसाल्याची भाजी, कांदा, लिंबू, मिरचीचा ठेचा. मी बट्टीचा एक तुकडा हातात घेतला. तो जड होता, जसा असायला हवा तसा. ओव्याचा वास आला. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता फोन काढून बंगळुरूला व्हिडिओ कॉल लावला.

आई पडद्यावर आली तेव्हा आधी फक्त तिचं कपाळ दिसत होतं. भावाने फोन नीट धरून दिला. लेकीने आमचा फोन ताटावर धरला. आईने चष्मा वर केला.

"तुझे कान पिवळे आहेत," ती मला म्हणाली. "तिवंध्याला गेली होतीस."

"हो."

"आणि हे कुठे मिळालं?"

"खानावळीत. पुढच्या टेबलावर बसलोय बघ."

"तुकडा मोडून दाखव. आतून."

मी बट्टी मोडली. लेकीने फोन जवळ नेला. आई बराच वेळ बघत राहिली, त्या मोडलेल्या कडेकडे, पापुद्रे सुटलेत का ते बघत असावी. आतली बाई हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली होती.

"वाफ चांगली बसलीये," आई म्हणाली. "कोणी केलीये? त्यांना सांग, चाळीसगावच्या बाईने सांगितलंय म्हणून."

दारातल्या बाई पुढे आल्या, फोनमध्ये वाकून म्हणाल्या, "मी पाचोऱ्याची हो काकू." मग त्या दोघी कुणाच्या घरी बट्टीत सोप म्हणजे बडीशेप घालतात आणि कुणाच्या घरी नाही यावर बोलायला लागल्या, आणि माझं ताट तसंच राहिलं. मी तुपाची वाटी उचलली तशी आईची नजर तिकडे गेली. "थांब. आधी कुस्कर. पार बारीक. मग वरण, आणि तूप सगळ्यात वर."

मी कुस्करायला घेतली. पिवळ्या नखांत बट्टीचा रवा अडकत होता. आई बघत होती.

"अजून बारीक," ती म्हणाली.